रावणाची टाच

मंगळवार, २० एप्रिल १९९९. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. हरसूलच्या पुढे, डोंगरातल्या एका गावात, मारुतीच्या देवळासमोर संबळ सुरू झाला आणि सोमा भोये याने बायकोला सांगितले, "माझं बूट काढ."

या तीन शब्दांनी माझे पाच महिन्यांचे काम निकालात निघाले. ते कसे, हे कळण्यासाठी वाचकांना आधी माझा व्यवसाय थोडा समजून घ्यावा लागेल.

मी ऑर्थोटिस्ट. नाशिकमधील एका धर्मादाय रुग्णालयाच्या कार्यशाळेत मी अठ्ठावीस वर्षे काम केले. ज्याचा पाय कापला गेला त्याला नवा पाय बसवणारा कारागीर वेगळा. माझ्याकडे येणाऱ्यांचे पाय जागेवर असत; ते ऐकत नसत. पोलिओ झालेले येत, आणि मणका मोडलेले येत. कोणी विहिरीत पडलेला, कोणी जीपच्या टपावरून, कोणी झाडावरून. मणका मोडला की मेंदूचा निरोप कमरेखाली पोहोचत नाही. पाय दिसायला धडधाकट, पण उभे राहणे म्हणजे काय हे ते विसरलेले असतात. अशा पायांवर बाहेरून सांगाडा चढवायचा आणि माणसाला त्यात उभे करायचे, हे माझे काम. लोक त्या सांगाड्याला कॅलिपर म्हणत आणि मला मिस्तरी म्हणत. पहिली काही वर्षे मी त्यांची चूक दुरुस्त करीत असे. नंतर सोडून दिले.

साधा कॅलिपर माणसाला उभा करतो, चालवत नाही. दोन्ही पाय ताठ ठेवून, कुबड्या पुढे टेकून, अंग उचलून पुढे फेकावे लागते. तरणाताठा माणूसही दहा पावलांत दमतो. १९९४ साली मुंबईतील एका प्रशिक्षणात मी निराळी रचना पाहिली. छातीपासून तळपायापर्यंत एकसंध सांगाडा, आणि कमरेचे दोन्ही सांधे जोडणारी एक तार. वजन डाव्या पायावर घ्यायचे, अंग किंचित मागे रेलायचे, की तार ओढली जाते आणि उजवा पाय आपोआप पुढे येतो. मग उजव्यावर वजन, की डावा. मोटार नाही, बॅटरी नाही. नाशिकला परतल्यावर मी तो बनवायला घेतला. मूळची परदेशी तार आमच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून स्कूटरची क्लच केबल वापरली. पहिल्या चार तुटल्या. पाचव्या वेळी मी जात तीच ठेवली आणि तिचे वळण बदलले. ती टिकली. याबद्दल मला कोणी शाबासकी दिली नाही. ती द्यायला हवी होती, असे माझे आजही मत आहे.

गेल्या वर्षी एका मोठ्या रुग्णालयाने मला त्यांचा नवा रोबोटिक एक्सोस्केलेटन पाहायला बोलावले. तोही बाहेरून चढवायचा सांगाडाच. फक्त कमरेला आणि गुडघ्याला मोटारी, पाठीवर बॅटरी, आणि रुग्ण कुठे झुकतो हे ओळखणारा संगणक. मणका मोडलेला एक तरुण त्यात उभा राहिला आणि दालनभर चालला. काम उत्तम होते. मत्सर वाटावा इतके उत्तम. तेथील इंजिनिअरला मी एकच प्रश्न विचारला, "पायात काय घालायचे?" तो म्हणाला, "स्पोर्ट्स शूज. कम्पल्सरी." मी मान हलवली आणि चहा घेतला. तोच प्रश्न का विचारला, याचे उत्तर म्हणजे हा लेख.

माझ्या व्यवसायातली एक अप्रिय गोष्ट आधी सांगतो. आम्ही बनवलेले कितीतरी सांगाडे वापरले जात नाहीत. सायखेड्याच्या एका किराणा दुकानदारासाठी मी दोन महिने खपलो. सहा महिन्यांनी तपासणीला गेलो, तर सांगाडा दुकानात खुंटीला टांगलेला आणि त्याच्या पट्ट्यांत उदबत्तीचे पुडे खोचलेले. "रागावू नका साहेब," तो म्हणाला, "चाकाच्या खुर्चीतून गिऱ्हाईक लवकर उरकतं." त्याचे बरोबर होते. तेव्हापासून मी माप घेण्याआधी प्रत्येकाला विचारू लागलो, "उभे राहून काय करणार?" उत्तर पटले नाही तर माप घेत नसे. इगतपुरीच्या एका रेल्वे कामगाराने सांगितले, "काही नाही. नुसतं उभं राहायचंय." मी त्याला परत पाठवले. ते कारण पुरेसे होते, हे मला फार उशिरा उमगले. मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही.

सोमा भोये नोव्हेंबर १९९८ मध्ये आला. पस्तिशीचा, काटक, भातशेती करणारा. डोंगरात भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमिनीवर पालापाचोळा आणि फांद्या पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राबासाठी ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडताना, १९९७च्या फेब्रुवारीत, तो पडला. त्याची बायको यमुना हिने त्याला एसटीतून पाठुंगळी उतरवून माझ्या बाकावर आणून बसवले आणि पदराने स्वतःचा घाम पुसला.

"उभे राहून काय करणार?" मी विचारले.

"बांधावर जाईन. भात बघीन."

"बांधावर हा सांगाडा चालणार नाही. चिखलात रुतेल."

"मंग बांधापतुर जाईन. बांधाला शिवीन आन् माघारी येईन. पोरं खेळत्यात तसं."

यमुना हसली. मी हसलो नाही, पण उत्तर पटले. मापाचा अर्ज काढला. त्या छापील अर्जात बावीस रकाने होते. मीच ते ठरवले होते. कमर, मांडी, गुडघा, पाऊल, हातांतली ताकद. एकविसावा रकाना बुटाच्या टाचेचा. मी लिहिले: कॅनव्हासचे बूट, टाच बारा मिलिमीटर.

हा रकाना वाचकांना क्षुल्लक वाटेल. तसा तो नाही. सांगाड्याचा घोटा हलत नाही. त्यामुळे टाच बोटभर वर गेली की अख्खा माणूस पुढे झुकतो, खाली गेली की मागे. तुम्हीआम्ही घोट्यात सावरून घेतो. त्याला ते शक्य नसते. तोल आम्हालाच आधी बसवून द्यावा लागतो, आणि तो बुटासकट बसवतात.

जानेवारीत सांगाडा तयार झाला. आमच्या फिजिओथेरपिस्ट साठे बाईंनी त्याचा सराव सुरू केला. आधी दोन दांड्यांच्या मध्ये, मग वॉकर धरून. सोमा पडे, शिव्या देई, पुन्हा उठे. "मिस्तरी," तो एकदा फरशीवर आडवा पडूनच मला म्हणाला, "तुमचं यंत्र लय शानं हाय. मी पडनार ह्ये माज्याआदी त्याला कळतं." फेब्रुवारीअखेर तो कार्यशाळेचा पूर्ण व्हरांडा चालू लागला. एका पावलाला तीन सेकंद. मी घड्याळ लावून मोजले होते.

मार्चमध्ये तो आला, तेव्हा यमुनेच्या डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी रुंद होते. तिने ते टेबलावर ठेवून सोडले. लाकडाची रंगवलेली दहा तोंडे, एका ओळीत.

"हे काय?"

"रावन," सोमा म्हणाला.

त्या भागात होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून माणसे देवळासमोर संबळावर नाचतात. त्याला सोंग घेणे म्हणतात. प्रत्येक सोंग एका घराचे. बापाकडून मुलाकडे येते. भोये यांच्या घराचे सोंग रावणाचे होते. त्यांच्या गावात ते सर्वांत शेवटी, उजाडताना निघे. ओळीने तीन बोहाडे ज्याचे सोंग निघाले नाही, त्याच्या घरातून मुखवटा भाऊबंदांत जाई आणि परत येत नसे. सोमाचे दोन बोहाडे चुकले होते. तिसरा एप्रिलमध्ये होता. त्याचा चुलत भाऊ रावजी याने देवघराशेजारची भिंत मुखवट्यासाठी सारवूनही ठेवली होती.

"म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटे बोललात," मी म्हणालो.

"बोललो."

"का?"

"रावनाचं सोंग घ्याचं हाय, पाय द्या, असं म्हटलं असतं तं दिलं असतं का?"

मी विचार केला. "नसते."

"मंग."

मी रागाने आत गेलो आणि वजनकाटा घेऊन बाहेर आलो.

मुखवटा साडेसात किलो भरला. एरवी सोंग घेणारा तो दोन्ही हातांनी सावरतो. सोमाचे हात वॉकरवर असणार होते. म्हणून मी सांगाड्याच्या छातीच्या पट्ट्यापासून दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वर घेतल्या आणि मुखवटा त्यांवर टेकवला. पहिल्याच वेळी सोमा दहा तोंडांसकट पुढे कोसळला. साठे बाईंनी झेलले. वजन पुढे ओढत होते, तेव्हा मागून ओढणारे काहीतरी हवे होते. जाड कापडाची पिशवी शिवून घेतली, तिच्यात चार किलो वाळू भरली आणि ती त्याच्या कमरेमागे बांधली. रावणाच्या झग्याखाली ती दिसणार नव्हती. आठवडाभर वाळू कमीजास्त करून तोल साधला. मग तो व्हरांड्याच्या चार फेऱ्या चालला.

"तोंडं धा, पाय दोन," तो मुखवट्याआडून म्हणाला. "तेबी मिस्तरीचं."

साठे बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी मला विचारले, "तुम्ही जाणार ना बोहाड्याला?"

"कशाला? माझे काम झाले."

"आणि तार तुटली तर?"

मी हत्यारांची पेटी घेऊन आदल्या संध्याकाळच्या एसटीने गेलो. रात्रीची सोंगे पाहिली नाहीत. मला झोप आवश्यक होती. पहाटे उठून प्रत्येक नट तपासला आणि समाधानाने देवळासमोर येऊन उभा राहिलो. तेव्हाच सोमाने बूट काढायला सांगितले.

"बूट राहू द्या," मी म्हणालो.

"सोंगात पायात बूट?" सोमाने माझ्याकडे पाहिले. "रावन झाला म्हनून काय झालं? देवाम्होरं जायाचं हाय."

"हे आधी का सांगितले नाही?"

"ह्ये काय सांगायचं असतंय?"

यमुना खाली बसून नाड्या सोडत होती. ती वर न पाहता म्हणाली, "देवळात जाताना तुमी काय घालून जाता, सायेब?"

मी स्वतः तेव्हा अनवाणी उभा होतो. माझ्या वहाणा देवळाबाहेरच्या दगडापाशी होत्या. बावीस रकान्यांच्या अर्जात मी टाचेची उंची विचारली होती. ती टाच कुठे उतरवली जाईल, हे विचारले नव्हते.

बूट निघाले. सांगाड्याचे प्लास्टिकचे तळवे उघडे पडले. बाजूला रावजी उभा होता. उंच, हाताची घडी घातलेला. तो म्हणाला, "मंग त्ये प्लास्टिकबी काढा. तेबी पायातलंच."

माणसे सोमाकडे वळली. संबळ वाजत होता. सोमा शांतपणे म्हणाला, "काढतो की. तू मला खांद्यावर घे आन् नाच. पाय तुझं, तोंड माझं."

लोक हसले. मुखवटे सांभाळणारा एक म्हातारा देवळाच्या पायरीवर बसला होता. तो हसला नाही. त्याने सोमाच्या पायांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "त्यो त्याचा पाय हाय. बूट काढत्यात. पाय काढत न्हाईत." मग समोरच्या डोंगराकडे हात करून म्हणाला, "उरका. पायरीवर ऊन यायच्या आत सोंग निघाया पायजे. न्हाय निघालं तं न्हाय निघालं."

डोंगराची कड उजळली होती. आम्ही सोमाला उभे केले. गुडघ्यांची कुलुपे लागली, झगा चढला, मुखवटा पट्ट्यांवर बसला. मी हात काढले आणि तो सरळ मागे गेला. तो रावजीच्या छातीवर आदळला, कारण रावजी मागे होता.

"धर," मी रावजीला म्हणालो. त्याने धरले.

टाचेखाली घालायला लाकडाची पाचर हवी होती. ती तासायला अर्धा तास लागला असता. ऊन देवळाच्या कळसावर आले होते. मी पेटीत हात घालून नुसताच उभा होतो. अठ्ठावीस वर्षांत असा मी फार वेळा उभा राहिलो नाही.

मग डोक्यात हिशेब लागला. मुखवटा पुढे ओढत होता, म्हणून मी मागे वाळू बांधली होती. आता टाच गेल्याने तो मागे झुकत होता. म्हणजे वाळूचे काम टाचेच्या नसण्यानेच केले होते. वाळू आता जादा होती. मी सोमाच्या मागे गुडघ्यांवर बसलो, झगा वर केला आणि पिशवीच्या तळाला चाकूने चीर दिली. वाळू मातीवर गळू लागली.

"मिस्तरी, काय करताय?" मुखवट्याआडून आवाज आला.

"बोलू नका. तोल सांगा."

"माघं जातोय."

रावजीने त्याच्या दोन्ही काखांखाली हात दिले होते. वाळू गळत होती.

"अजून माघं... अजून... थोडं... रावज्या, सोड रं."

"सोडू?"

"सोड म्हन्तो ना! बायकोगत काय धरून बसलाय!"

रावजीने हात सोडले, पण खाली घेतले नाहीत. सोमा उभा राहिला. मी चीर बोटांनी दाबून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. पिशवीत ओंजळभर वाळू उरली होती. ऊन देवळाच्या दारावर होते. पायरी त्याखाली दोन हात.

सोमाने वॉकर पुढे ठेवला आणि डावीकडे रेलला. उजवा पाय पुढे आला.

संबळवाल्याचा हात त्याच्या नेहमीच्या लयीत पळत होता. त्या लयीत रावण एका पावलाला चार उड्या मारतो, असे मला नंतर सांगण्यात आले. दुसरे पाऊल पडले, तिसरे पडले. नाद आणि पाऊल यांचा काही मेळ नव्हता आणि लोक खाली बघू लागले होते. संबळवाल्याने वाजवता वाजवता सोमाच्या तळव्यांकडे पाहिले. त्याने हात आवरला. एक ठोका दिला आणि थांबला. पाऊल टेकले तेव्हा दुसरा दिला. नंतर तो चुकला नाही. तीन सेकंदांना एक ठोका. मी घड्याळ लावले नव्हते, पण मला ते अंतर पाठ होते.

देवळापासून मांडवापर्यंत आणि परत, असा तो चालला. वीस मिनिटे लागली असतील. जमीन ओबडधोबड होती आणि दोनदा तो डगमगला. रावजी एक हात अंतर ठेवून मागून चालत होता. त्याने त्याला एकदाही स्पर्श केला नाही आणि एकदाही त्याचे हात खाली आले नाहीत. यमुना बूट छातीशी धरून देवळाच्या भिंतीला टेकून उभी होती.

परत आल्यावर म्हाताऱ्याने मुखवटा स्वतःच्या हातांनी उतरवला, सोमाच्या कपाळाला लावला आणि यमुनेकडे दिला. रावजीकडे नाही. रावजी म्हणाला, "भिंत उगाच सारवली." आणि सोमाला बसायला बाज ओढली.

सोमाचा चेहरा घामाने आणि रंगाने माखला होता. त्याने मला जवळ बोलावले. मला वाटले, काही आभाराचे बोलेल. तो म्हणाला, "मिस्तरी, वाळू सांडली तुमची."

"सांडू द्या," मी म्हणालो.

पुढे सात वर्षे रावण त्याच घरातून निघाला. मी तीन वेळा केबल बदलून दिली. शेतापर्यंत मात्र तो कधीच चालत गेला नाही. तेथे त्याला खुर्ची सोयीची पडे. मला त्याचे वाईट वाटत नाही. मी केलेल्या सांगाड्यांपैकी जो वर्षातून एकदाच वापरला गेला, तोच माझे सर्वांत चांगले काम होते.

त्या दिवशी नऊच्या एसटीने मी निघालो आणि दुपारी कार्यशाळेत पोहोचलो. जेवलो. हत्यारे पुसून जागेवर लावली. चाकूच्या मुठीत वाळू शिरली होती, ती काढली. मग कपाटातून मापाच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा काढला. शंभराच्या आसपास असतील. बाविसाव्या रकान्याखाली थोडी जागा होती. प्रत्येक अर्जावर मी हाताने तेविसावा रकाना आखला आणि त्यात लिहिले: 'अनवाणी कुठे चालणार?' शेवटच्या अर्जापर्यंत शाई पुरली नाही. शेवटचे सात पेन्सिलीने लिहिले आणि गठ्ठा कपाटात ठेवला.